व्रण थांबेल, हाड थांबणार नाही

एका आईचं पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची. जन्मतः तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता, हिरडीतही फट होती. टाळू मात्र शाबूत. चौथ्या महिन्यात ओठाची शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली, असं सगळे डॉक्टर म्हणतात. ओठावर एक उभी, फिकट रेघ राहिली आहे. मुलीला यातलं काही सांगायचं नाही, असं घरात तेव्हाच ठरलं. ‘दोन वर्षांची असताना पायरीवरून पडलीस, टाके घालावे लागले,’ एवढंच तिला ठाऊक आहे. शस्त्रक्रियेआधीचे फोटो पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेत. आता ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, हिरडीतल्या फटीत हाड भरायला सांगितलं आहे. त्या भेटीत मुलीनं आपण होऊन डॉक्टरांना सांगितलं, ‘मी पायरीवरून पडले होते.’ डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, आणि आई फाइलमधले कागद चाळत राहिली. गेले काही महिने मुलगी हसताना तोंडावर हात धरते. आईला वाटतं, भूल द्यायचीच आहे तर त्याच वेळी ओठावरचा व्रणही काढून टाकावा. खूणच उरली नाही तर सांगायची वेळ येणार नाही. वडील म्हणतात, अठरा वर्षांची होईपर्यंत ओठाला हात लावायचा नाही. ‘आमच्या दोघांत कोण बरोबर?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

हाड, व्रण आणि ती पायरीची गोष्ट, अशा तीन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत गुंतल्या आहेत. एकाच भुलेत तिन्ही मार्गी लागाव्यात असं तुम्हाला वाटतंय. नऊ वर्षं दवाखाने, तारखा आणि लोकांच्या नजरा सांभाळलेल्या आईला असं वाटणं मी समजू शकते. पण या तिन्हींची वेळ वेगळी आहे, आणि त्यांच्याबद्दल कुणी ठरवायचं तेही वेगळं आहे.

जी गोष्ट थांबणार नाही ती आधी बोलू. हिरडीत जिथं फट आहे तिथं हाड नाही, आणि नेमका तिथंच किंवा अगदी लगत तिचा पक्का सुळा यायचा आहे. सुळ्याला खाली उतरायला हाड लागतं. ते नसेल तर तो वरच अडकतो, वाकडा येतो किंवा आला तरी पक्का राहत नाही. म्हणून सुळा उगवण्याआधी, साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, बहुतेकदा कमरेच्या हाडातला मऊ भाग काढून त्या फटीत भरतात. नेमकी वेळ वाढदिवस बघून ठरत नाही. सुळ्याचं मूळ किती तयार झालंय ते एक्स-रेमध्ये पाहतात. अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत झालं असेल तर वेळ आली. त्याआधी कधीकधी वरचा जबडा रुंद करण्यासाठी काही महिने तार बसवावी लागते, म्हणजे तयारी आणखी अलीकडे सुरू होते. बॉइन आणि सँड्स यांनी १९७२ मध्ये या पद्धतीची मांडणी केली आणि आज जगभरात तिचाच आधार घेतला जातो. त्या नव्या हाडातून सुळा उतरला की दाताच्या असण्यामुळं हाडही टिकून राहतं. सुळा येऊन गेल्यावर तीच शस्त्रक्रिया केली तर निकाल तितका चांगला लागत नाही. नाकपुडीच्या तळालाही याच हाडाचा आधार मिळतो, तो पुढं नाकाच्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडतो. तुमचे यजमान ओठाबद्दल बोलत असतील, पण ‘अठरापर्यंत काही नको’ हे वाक्य घरात एकदा रुळलं की त्यात हाडाची तारीखही हुकते. ती हुकू देऊ नका.

आता व्रण. ‘काढून टाकावा’ हे तुमचे शब्द आहेत, आणि बहुतेक आईवडील हेच शब्द वापरतात. त्वचा पूर्ण खोलीपर्यंत कापली गेली की ती व्रणानंच भरून येते. गर्भाची जखम पहिल्या काही महिन्यांत व्रणाशिवाय भरते, जन्मानंतर ती सोय राहत नाही. त्यामुळं जुना व्रण कापायचा म्हणजे त्याच जागी नवी जखम करायची, आणि ती भरून आली की नवा व्रण येणार. तो आधीच्यापेक्षा बारीक यावा अशी अपेक्षा असते. अनुभवी सर्जनच्या हातून बहुधा तसं होतंही, पण प्रामाणिक डॉक्टर त्याची हमी देत नाहीत.

मधला काळही लक्षात घ्या. टाके निघाल्यावर पहिले काही दिवस व्रण छान, बारीक दिसतो आणि घरचे खूश होतात. मग पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात तो लाल, कडक, उंच होतो. ओठ त्या बाजूला वर ओढल्यासारखा दिसतो. पुढं तो हळूहळू मऊ पडतो, फिकट होतो, आणि पक्का व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. लहान वयात शरीर जखम फार जोमानं भरतं, त्यामुळं मुलांचे व्रण जास्त काळ लाल आणि उंचवट्याचे राहण्याकडे कल असतो. आज तिच्या ओठावर फिकट रेघ आहे. आत्ता दुरुस्ती केली तर जवळजवळ पुढचं सगळं शालेय वर्ष ती लालसर उंच रेघ घेऊन वर्गात बसेल. तिनं मागितलं असेल तर ती हे सहन करेल. तिनं मागितलेलंच नसेल तर ‘आई, तू हे का केलंस?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर राहणार नाही.

ती रेघ कुठं आहे ते एकदा नीट बघा. नाकाखाली मधोमध जी खोलगट पन्हळ असते, तिच्या दोन्ही कडांना दोन बारीक कंगोरे असतात. तुमच्या मुलीचा उजवा कंगोरा जन्मतः आहे. डावा सर्जननं टाक्यांनी घडवला आहे. राल्फ मिलार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ओठाचा एक भाग खाली फिरवतात आणि दुसरा पुढं सरकवून त्याच्या जागी आणतात, म्हणजे टाक्यांची रेघ बरीचशी त्या कंगोऱ्याच्या जागी येते. डेव्हिड फिशर यांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत तर ही रेघ ओठाच्या नैसर्गिक भागांच्या सीमेवरूनच नेते. आतमध्ये तोंडाभोवतीचा गोल स्नायू दोन्ही बाजूंनी मोकळा करून जोडलेला असतो. चार महिन्यांच्या बाळाच्या ओठावर हे काम मिलिमीटरच्या हिशेबानं होतं, कारण ओठाच्या लाल कडेत एक मिलिमीटरचा फरक राहिला तरी समोर बसून बोलणाऱ्याला तो दिसतो. पायरीवर पडून झालेली जखम अशी नसते. माहीतगार माणूस हा व्रण बघताक्षणी ओळखतो. त्या दिवशी ऑर्थोडॉन्टिस्टनी ओळखलाच होता. काही वर्षांनी तुमची मुलगी स्वतः फोनवर दोन-चार चित्रं बघून ओळखेल.

आणखी एक. आपण ज्याला सरसकट व्रण म्हणतो, त्यात निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा असतो. रेघेचा रंग आणि रुंदी ही झाली एक. ओठाच्या कडेला जी बारीक पांढरी उंच किनार असते ती व्रणापाशी वरखाली झालेली असणं ही दुसरी. ती लहानशा शस्त्रक्रियेनं बऱ्यापैकी जुळवता येते. लाल ओठ मधेच कमी भरलेला असतो, मिटल्यावरही फट राहते, तिथं आतलं अस्तर सरकवून किंवा शरीरातलीच चरबी भरून उंची आणता येते. बोलताना-हसताना व्रणाच्या बाजूला गोळा उठत असेल, तर आतला स्नायू नीट जुळलेला नाही असा अर्थ होऊ शकतो, आणि तेव्हा वरवर रेघ कापण्यात काही हशील नाही. शिवाय बघणाऱ्याची नजर अनेकदा व्रणापेक्षा नाकाकडे जाते: एका बाजूची नाकपुडी चपटी, नाकाचा शेंडा किंचित कललेला. नाकाची शेवटची शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर, मुलींमध्ये पंधरा-सोळानंतर आणि मुलांमध्ये सतरा-अठरानंतर करतात. तुमच्या यजमानांनी ‘अठरा’ कुठूनतरी ऐकलं असेल ते बहुधा हेच. व्रणाला असा नियम नाही. तो पक्का झाला असेल आणि मुलगी तेराव्या वर्षी म्हणाली, ‘मला हा बदलून हवाय,’ तर तेव्हाही होऊ शकतं. मात्र दर दुरुस्तीत थोडी त्वचा खर्च होते, ओठ थोडा ताठर होतो. म्हणून मोजक्या आणि विचारपूर्वक केलेल्या शस्त्रक्रिया बऱ्या.

तर मग ती तोंडावर हात का धरते? तुम्ही धरून चाललाय की व्रणासाठी. मला पत्र वाचताना वेगळी शंका आली. ती *हसताना* हात धरते असं तुम्ही लिहिलंय. गप्प बसलेली असताना, अभ्यास करताना, कुणी समोरून बघत असताना धरते का? हिरडीत फट असते तिथं सुळ्याशेजारचा दात बऱ्याचदा नसतोच, असला तर छोटा किंवा फिरलेला असतो. हे हसल्यावर दिसतं, एरवी नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ते चांगलंच खुपत असेल. तसं असेल तर तुम्ही ओठाची शस्त्रक्रिया करून आणाल आणि हात होता तिथंच राहील. माझी शंका चुकीचीही असू शकते. विचारल्याशिवाय दोघींनाही कळायचं नाही.

विचारताना बोट ठेवू नका. ‘तुला हा व्रण नकोसा वाटतो ना?’ असं विचारलंत तर ती ‘हो’ म्हणेल, कारण आईला हेच ऐकायचंय हे तिला कळतं. ‘आपण डॉक्टरांकडे जाणार आहोत. चेहऱ्यातलं, दातांतलं काही तुला बदलावंसं वाटतं का? नाही म्हणालीस तरी चालेल,’ एवढं पुरे. मग सर्जनच्या भेटीत तिच्या हातात छोटा आरसा द्या आणि तिलाच दाखवू द्या. तुम्ही दोघं गप्प राहा. नऊ वर्षांच्या मुलाला काय कळतंय, असं अजिबात समजू नका. दुभंगलेल्या ओठाच्या उपचारांचा परिणाम मोजण्यासाठी क्लेफ्ट-क्यू नावाची प्रश्नावली आहे. ती ८ ते २९ वर्षांच्या रुग्णांनी स्वतः भरायची असते: तुला तुझा ओठ, नाक, दात, व्रण, बोलणं कसं वाटतं. आठ वर्षांचं मूल याचं उत्तर देऊ शकतं हे मानूनच ती बनवली आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना पुनःपुन्हा दिसलेली गोष्ट अशी की व्रण किती मोठा यावरून माणूस किती दुःखी हे सांगता येत नाही. जेमतेम दिसणाऱ्या रेघेनं खचलेली माणसं असतात, आणि ठळक व्रण घेऊन निर्धास्त वावरणारीही.

तिनं आरशात व्रणच दाखवला तर? तर सर्जनना थेट विचारा: नेमकं काय बिघडलंय, रेघ की कड की स्नायू? आत्ता केलं तर काय मिळेल, चार वर्षांनी केलं तर काय? हाड भरताना वरच्या ओठाला बरीच सूज येते, तेव्हा दोन्ही एकत्र करणं त्यांना योग्य वाटतं का? काही जण एकाच भुलेत लहानशी दुरुस्ती करतात, काही जण वेगळी ठेवतात. स्नायू किंवा कडेचा ठळक दोष असेल आणि मुलीलाही हवं असेल, तर एकत्र करण्यात गैर काही नाही. नुसती फिकट रेघ असेल तर मी थांबेन.

आता पायरी. ही गोष्ट मुलीला दुखावण्यासाठी तुम्ही रचली नाहीत, उलट तिला जपायलाच रचलीत. पण ती आता दोन ठिकाणी आडवी येते आहे. व्रणाबद्दलचा निर्णय तिचा असला पाहिजे, आणि आपल्याला काय झालं होतं हेच माहीत नसलेली मुलगी तो घेऊ शकत नाही. पायरीवर पडणाऱ्या मुलीच्या हिरडीत कमरेचं हाड कशाला भरायचं, हा प्रश्न तिला पडणारच. पडला नसेल तर ऑपरेशननंतर काही दिवस लंगडत चालताना पडेल.

दुसरी बाजू पुढची आहे. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. आईला किंवा वडिलांना जन्मतः तसं असेल तर त्यांच्या बाळाला ती शक्यता वाढते. एरवी कोणताही सिंड्रोम (अनेक लक्षणं एकत्र असलेला जन्मजात विकार) नसेल तर साधारण शंभरात तीन ते पाच. म्हणजे शंभरातली पंचाण्णव किंवा त्याहून अधिक बाळं तशी नसतात, पण ही माहिती तिच्या कामाची आहे. गर्भारपणाच्या आधीपासून फॉलिक अॅसिड सुरू करणं, सोनोग्राफी करणाऱ्यांना पूर्वइतिहास सांगणं, हे तिला माहिती असेल तरच जमेल. (तिच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील किंवा नात्यात आणखी कुणाला असं असेल, तर आनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांना एकदा भेटा. एका प्रकारात ही शक्यता निम्म्यापर्यंत जाते.)

दाखल व्हायच्या आदल्या रात्री नका सांगू. काही आठवडे आधी, सुट्टीचा दिवस बघून, तुम्ही दोघं मिळून सांगा. भाषण नको. असं काहीतरी चालेल: ‘तुझ्या ओठाबद्दल आम्ही तुला खरं सांगितलं नव्हतं, आता सांगतो. बाळ पोटात असतं तेव्हा त्याचा चेहरा छोट्या छोट्या भागांचा बनतो आणि ते भाग पुढं येऊन जुळतात. ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, मला तू आहेस हे धड कळायच्याही आधी. तुझी डावी बाजू पूर्ण जुळली नव्हती. तू चार महिन्यांची असताना डॉक्टरांनी ती जुळवली. हिरडीतलं थोडं काम राहिलंय, ते आता करायचं आहे.’ यात कुणाची चूक नव्हती हे स्पष्ट शब्दांत सांगा, तुमचीही नव्हती. मुलं मनातल्या मनात आईला किंवा स्वतःला दोषी ठरवतात आणि बोलत नाहीत.

मग ते पाकीट काढा. चार महिन्यांच्या त्या चेहऱ्यावर तुम्ही जीव लावला होता, त्याला आंघोळ घातली होती, झोपवलं होतं. फोटो लपवले की मुलीला कळतं ते एवढंच, की तो चेहरा लपवण्यासारखा होता. तिनं बघायला नको म्हटलं तर ठेवून द्या, पण तिच्या हाताला येतील अशा खणात.

शाळेत कुणी विचारलं तर काय सांगायचं, त्याचं एक छोटं वाक्य तिच्याबरोबर बसून ठरवा. ‘जन्मापासून ओठ जुळलेला नव्हता, लहानपणी ऑपरेशन झालं,’ एवढं म्हणून विषय बदलता आला म्हणजे झालं. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे तिनं ठरवावं. नातेवाइकांना तुम्ही आधी सांगून टाकू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. बाळाचा ओठ नुकताच शिवला असेल आणि दुसऱ्या महिन्यात तो लाल, ओढलेला दिसतोय म्हणून ऑपरेशन फसलं असं समजून दुसरा सर्जन शोधायला निघू नका. निकाल बघायला किमान वर्ष थांबा. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हापासून बोटानं हलका मसाज, सिलिकॉन जेल किंवा पट्टी आणि उन्हापासून संरक्षण, या गोष्टी त्या पहिल्या काही महिन्यांतच उपयोगाच्या असतात. नऊ वर्षांच्या जुन्या व्रणावर महागडं क्रीम चोळून रेघ पुसली जात नाही, जाहिरात काहीही म्हणो. टाळूही दुभंगलेली असेल तर ती साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात. तिथं खरी काळजी व्रणाची नसून बोलण्याची आणि ऐकण्याची असते. कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून श्रवण तपासणी आणि स्पीच थेरपी चुकवू नका. आणि तुम्ही स्वतः मोठे असाल, व्रण आजही सलत असेल, तर उशीर झालेला नाही. लाली उरली असेल तर लेझर, भरावासाठी चरबी, मिशीतली रिकामी रेघ झाकायला केसांचं रोपण, पुरुषांसाठी तेही करतात. फक्त ‘आणखी एक ऑपरेशन केलं की सगळं ठीक होईल’ असं सारखं वाटत असेल, तर सर्जनच्या जोडीला समुपदेशकालाही भेटा.

ताई, तुमच्यासाठी पहिलं काम अगदी साधं आहे. पुढच्या भेटीआधी ऑर्थोडॉन्टिस्टना फोन करा आणि सांगा की मुलीला अजून माहीत नाही, आम्ही अमुक दिवशी सांगणार आहोत, तोवर तिच्यासमोर हा विषय काढू नका. ते समजून घेतील. त्याच फोनवर एक्स-रे कधी काढायचा तेही विचारून घ्या.

सांगितल्यावर ती कदाचित चिडेल. ‘तुम्ही खोटं का बोललात?’ असं विचारेल. तेव्हा ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणू नका. ‘लोक तुला काही बोलतील याची आम्हाला भीती वाटत होती, आणि मग कसं सांगायचं ते कळेना,’ हे खरं आहे, तेच सांगा. दोन दिवस बोलली नाही तरी मागं लागू नका. प्रश्न एकेक करून येतील, कधी गाडीत, कधी झोपताना. व्रणाचं काय करायचं हा प्रश्नही त्यातच येईल किंवा येणार नाही. आला, की सर्जनची वेळ घ्या.